भुकेचा भार कोणाच्या खांद्यावर?

२९ मे १९६१ चा दिवस. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, मॅक्डॉवेल काउंटीत, वेल्श नावाचे एक गाव आहे. भोवताली कोळशाच्या खाणी. त्या दिवशी तेथे एका बेकार खाणकामगाराने आणि त्याच्या पत्नीने सरकारी अन्नकूपने घेतली. घरात खाणारी तोंडे पंधरा आणि हाती पडलेली कूपने पंचाण्णव डॉलरांची. ती देण्यासाठी देशाचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन जातीने आले होते. कूपने घेऊन ते दांपत्य दुकानात गेले आणि डुकराचे मांस व घेवडा यांचा एक डबा त्यांनी विकत घेतला. अमेरिकेच्या आजच्या अन्नसाहाय्य योजनेची ही पहिली खरेदी.

त्या कूपनांमागचा पैसा वॉशिंग्टनचा होता. त्या वेळी या गोष्टीचे कोणास विशेष वाटले नसावे. पण थोडा विचार केला तर सारे मर्म तिच्यातच आहे असे ध्यानात येते. ज्या गावातील खाणी बंद पडतात, त्या गावाची तिजोरीही त्याच सुमारास रिती होते. कामगाराची मजुरी बुडते, दुकानदाराचा धंदा बसतो आणि दोघांकडून येणारा कर थांबतो. शेजारी भुकेला असतो तेव्हा शेजार दरिद्री झालेला असतो. अशा वेळी मदत यावयाची ती दुरूनच यावी लागते. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अन्नकूपन कायद्यावर सही केली तेव्हा हेच तत्त्व कायद्यात आले: अन्नाचा सर्व खर्च केंद्राने सोसावा, राज्यांनी अर्ज घ्यावेत, पात्रता तपासावी आणि लाभ पोहोचवावा.

ही योजना २००८ पासून 'स्नॅप' या नावाने ओळखली जाते. कागदी कूपनांच्या जागी आता कार्ड आले आहे. २०२४ या आर्थिक वर्षात दरमहा सरासरी ४ कोटी १७ लाख माणसांना, म्हणजे देशातील दर आठांपैकी एकाला, तिचा लाभ मिळत होता. माणशी सरासरी रक्कम महिन्याला १८७ डॉलर, म्हणजे दिवसाला सहा डॉलरांच्या आसपास. एवढ्या पैशात तेथे कोणी चैन करीत नाही. वार्षिक खर्च मात्र १०० अब्ज डॉलरांच्या घरात जातो, आणि म्हणूनच तो डोळ्यांत भरतो.

कायद्याने काय बदलले

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका विस्तृत अर्थविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्याने या योजनेवरील केंद्राचा खर्च दहा वर्षांत सुमारे १८६ अब्ज डॉलरांनी कमी व्हावा, असा अमेरिकी काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता. कपातीचे मार्ग अनेक आहेत. त्यांपैकी कामाच्या सक्तीची चर्चा पुष्कळ झाली. मला येथे ज्याविषयी लिहावयाचे आहे तो मार्ग मात्र इतका शांत आहे की त्याचा आवाजच होत नाही. तो म्हणजे खर्चाचा काही भाग केंद्राच्या वहीतून काढून राज्यांच्या वहीत लिहिणे.

हे दोन प्रकारे केले आहे. पहिला प्रकार कारभाराच्या खर्चाचा. कचेऱ्या, कारकून, संगणक, तपासणी यांचा खर्च आजवर केंद्र व राज्य निम्मानिम्मा करीत. ऑक्टोबर २०२६ पासून केंद्राने पंचवीस टक्के आणि राज्याने पंचाहत्तर टक्के द्यावेत असे कायद्याने ठरविले.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. साठ वर्षांत प्रथमच अन्नाच्या खर्चातही राज्यांना वाटा उचलावयास सांगण्यात आले. ऑक्टोबर २०२७ ही त्याची मुदत. वाटा ठरावयाचा तो राज्याच्या 'चुकीच्या टक्केवारी'वरून. लाभ देताना राज्याने ज्या रकमा जास्त वा कमी दिल्या, त्यांचे एकूण लाभाशी असलेले प्रमाण म्हणजे ही टक्केवारी. ती सहाच्या आत असेल तर राज्याने काही द्यावयाचे नाही. सहा ते आठमध्ये असेल तर लाभाच्या खर्चापैकी पाच टक्के, आठ ते दहामध्ये दहा टक्के आणि दहा वा त्याहून अधिक असेल तर पंधरा टक्के राज्याने द्यावयाचे. २०२४ साली देशाची सरासरी १०.९३ टक्के होती आणि सहाच्या आत असलेली राज्ये आठच होती.

समजा, एखाद्या राज्यात वर्षाला एक अब्ज डॉलरांचे अन्नसाहाय्य वाटले जाते. त्याची चूक ९.९ टक्के भरली तर त्याने दहा कोटी डॉलर द्यावयाचे, १०.१ टक्के भरली तर पंधरा कोटी. नमुन्यादाखल काढलेल्या काही प्रकरणांच्या तपासणीतून निघणाऱ्या दोन दशांश टक्क्यांच्या फरकावर पाच कोटी डॉलर अवलंबून! आणि हे पाच कोटी शाळा, रस्ते, इस्पितळे यांच्याच पैशांतून निघावयाचे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

हा बदल करणारे सारेच निर्दय होते असे मानून चालणे सोपे आहे; पण ते सत्याला धरून होणार नाही. त्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे.

ते म्हणतात, जो दुसऱ्याच्या पैशाने खर्च करतो तो काटकसर करीत नाही. लाभ वाटावयाचा राज्याने आणि पैसा द्यावयाचा केंद्राने, मग हिशेब चोख ठेवण्याची निकड राज्याला का वाटावी? दहा टक्क्यांहून अधिक रकमेत चूक होते याचा अर्थ कोणाचेच लक्ष नाही असा होतो. शिवाय २०२५ च्या मध्यास केंद्र सरकारवरील कर्ज ३६ लाख कोटी डॉलरांच्या पुढे गेले होते. ते आज ना उद्या पुढील पिढीनेच फेडावयाचे आहे. आणि शेवटी ते म्हणतात, गरीब माणूस राज्यात राहतो, राज्याला त्याची ओळख आहे. मग त्याची जबाबदारीही राज्यानेच घ्यावी, यात वावगे ते काय?

हे युक्तिवाद पोकळ नाहीत. विशेषतः शेवटचा युक्तिवाद कॅथॉलिक वाचकाला परिचित वाटेल. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात एक सामाजिक तत्त्व मांडले. जे काम लहान समूह स्वतः नीट करू शकतो, ते मोठ्या समूहाने त्याच्या हातून काढून घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. कुटुंबाचे काम गावाने, गावाचे राज्याने, राज्याचे केंद्राने बळकावणे हा अन्याय होय. अमेरिकेत खर्च राज्यांवर टाकण्याच्या बाजूने बोलताना काहीजण याच तत्त्वाचा आधार घेतात.

परंतु या तत्त्वाचे लॅटिन नाव ज्या शब्दापासून आले त्याचा अर्थच मुळी 'साहाय्य' असा आहे. मोठ्याने लहानाचे काम हिरावू नये, हा त्याचा एक अर्धा भाग. लहानाची शक्ती अपुरी पडेल तेथे मोठ्याने त्याच्या साहाय्यास धावले पाहिजे, हा दुसरा. पहिला अर्धा उचलून दुसरा टाकून दिला, की तत्त्वाचे रूपांतर निमित्तात होते. बापाने मुलाला स्वतःच्या पायावर उभे राहावयास शिकवावे हे योग्यच. पण मूल तापाने फणफणले असता त्याच्या अंथरुणाशी औषधाचे बिल ठेवून त्याला स्वावलंबनाचा पाठ देणाऱ्या बापाला आपण काय म्हणू?

मग प्रश्न असा उरतो: भुकेच्या बाबतीत राज्याची शक्ती कोठे अपुरी पडते? याचे उत्तर तर्काने शोधण्याची गरज नाही. इतिहासानेच ते दोनदा दिले आहे.

इतिहासाची साक्ष

१९६४ च्या कायद्याने पैसा केंद्राने द्यावयाचे ठरले होते, पण योजना आपल्या भागात आणावयाची की नाही हे काउंटींच्या मर्जीवर होते. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्ह्यासारखा घटक. काही काउंटींनी योजना लगेच घेतली, काहींनी दहा वर्षे घेतली नाही. शिवाय कूपने फुकट मिळत नसत. थोडी रक्कम भरून अधिक रकमेची कूपने घ्यावी लागत. १९६७ च्या एप्रिलमध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी व जोसेफ क्लार्क मिसिसिपी राज्याच्या डेल्टा भागात गेले. कापसाच्या शेतीत यंत्रे आल्याने तेथील कृष्णवर्णीय मजुरांचे काम गेले होते. रोख पैसा दिसत नव्हता आणि कूपनांसाठी दरमहा माणशी दोन डॉलर भरणेही अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याच वर्षी फील्ड फाउंडेशनच्या वतीने गेलेल्या डॉक्टरांना तेथील मुलांमध्ये उपासमारीची लक्षणे आढळली. जगातील सर्वांत धनाढ्य देशातील ही गोष्ट आहे.

त्यानंतर देश हलला. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९६९ साली भुकेच्या प्रश्नावर काँग्रेसला खास संदेश पाठविला. पात्रतेचे निकष देशभर सारखे झाले. १९७४ पर्यंत प्रत्येक काउंटीत योजना नेणे बंधनकारक ठरले. १९७७ च्या कायद्याने पैसे भरण्याची अट रद्द झाली, आणि त्यासाठी डेमोक्रॅट जॉर्ज मॅकगव्हर्न व रिपब्लिकन बॉब डोल हे दोन विरुद्ध पक्षांचे सिनेटर एकत्र झटले. त्याच सुमारास डॉक्टरांचे पथक डेल्टात परत गेले तेव्हा त्यांना पूर्वीसारखी उघडीवाघडी उपासमार दिसली नाही. याचे श्रेय त्यांनी मुख्यतः सरकारी अन्नयोजनांना दिले.

याच दहा वर्षांच्या विलंबाने पुढे संशोधकांना एक विलक्षण साधन मिळवून दिले. एका काउंटीत योजना १९६५ मध्ये आली, शेजारच्या काउंटीत १९७३ मध्ये. दोन्हीकडची मुले आज प्रौढ आहेत. हिलरी हॉइन्स, डायान शॅन्झेनबाख आणि डग्लस आमंड या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांची तुलना करून २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भावस्थेत व बालपणी ज्यांच्या घरी कूपने पोहोचली, त्यांच्यात मोठेपणी स्थूलता, रक्तदाब, मधुमेह या विकारांचे प्रमाण कमी आढळले. त्यांच्यातील स्त्रिया आर्थिकदृष्ट्याही अधिक स्वावलंबी झाल्या होत्या. बालपणी मिळालेला घास चाळीस वर्षांनंतरही शरीरात बोलत असतो. आणि तो घास मिळावा की मिळू नये, हे मूल काउंटीच्या सीमेच्या कोणत्या बाजूला जन्मले यावरून ठरले होते. त्या बालकाने असा कोणता अपराध केला होता?

इतिहासाची दुसरी साक्ष १९९६ ची. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या रोख साहाय्याचे स्वरूप पालटले. केंद्राने राज्यांना दरवर्षी साडेसोळा अब्ज डॉलरांची ठरावीक रक्कम द्यावी आणि राज्यांनी आपापल्या मर्जीने कारभार करावा, असे ठरले. अन्नकूपनांचेही असेच करावे अशी सूचना होती, पण ती मान्य झाली नाही. त्यामुळे एकाच देशात, एकाच काळात, एकाच गरीब वर्गासाठी दोन योजना शेजारी शेजारी चालू राहिल्या: रोख रकमेची राज्यांच्या हाती, अन्नाची केंद्राच्या खर्चाने.

२००८ च्या मंदीने दोघींची परीक्षा घेतली. अन्नसाहाय्य घेणारे २००७ मध्ये २ कोटी ६३ लाख होते. २०१३ मध्ये ते ४ कोटी ७६ लाखांवर गेले. ओढवलेल्या संकटाबरोबर योजनाही पसरली. रोख साहाय्याची योजना मात्र त्या मानाने फारशी हलली नाही. तिची रक्कमच बांधलेली होती. १९९६ मध्ये दर शंभर गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत असे. २०२० मध्ये ती संख्या २१ वर आली होती. साडेसोळा अब्जांचा आकडा तसाच राहिला, पण महागाईने त्याची किंमत जवळजवळ निम्मी झाली. कोणीही उठून 'गरिबांची मदत बंद' असे जाहीर केले नाही. ती फक्त झिजली.

असे का होते? याचे कारण राज्यकर्त्यांच्या हृदयात शोधण्यापूर्वी त्यांच्या अंदाजपत्रकात शोधावे. अमेरिकेतील बहुतेक सर्व राज्यांना जमाखर्च समतोल ठेवणे बंधनकारक आहे. केंद्र सरकार मंदीत कर्ज काढू शकते, राज्याला ते जमत नाही. मंदी आली की राज्याचा कर कमी होतो आणि नेमक्या त्याच वेळी भुकेल्यांची रांग वाढते. एका हाताने जमा घटते, दुसऱ्या हाताने खर्च वाढतो. अशा वेळी भल्यातला भला गव्हर्नरसुद्धा शाळेतील शिक्षक कमी करावा की गरिबाचा घास, या पेचात सापडतो. ज्या खांद्यावर नव्याने ओझे द्यावयाचे ठरले आहे, तो खांदा संकटाच्या दिवशी हटकून वाकणारा आहे. चांगल्या दिवसांतील त्याची ताकद पाहून हा निर्णय करता येणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. गरिबांच्या वैद्यकीय साहाय्याचा खर्च तेथे केंद्र व राज्ये वाटून घेतात. पण त्यात राज्याचे दरडोई उत्पन्न पाहून गरीब राज्याला केंद्राकडून अधिक वाटा मिळतो. नव्या कायद्यातील अन्नखर्चाच्या वाटणीत असा विचार नाही. मिसिसिपी आणि मॅसॅच्युसेट्स यांना एकच माप. ज्या राज्यात गरीब अधिक, त्याचे अन्नाचे बिल अधिक. बिल अधिक म्हणून वाटाही अधिक आणि तो भरण्याची ऐपत मात्र कमी.

चूक कोणाची, दंड कोणाला?

आता त्या चुकीच्या टक्केवारीकडे वळू. सामान्य माणसाला 'चूक' म्हटले की लबाडी आठवते. पण ही टक्केवारी लबाडीची नव्हे. २०२४ च्या १०.९३ टक्क्यांपैकी १.६७ टक्के हे गरिबाला हक्कापेक्षा कमी दिल्याचे होते. बाकीचे जास्त दिल्याचे. एखाद्या मोलकरणीचे कामाचे तास या महिन्यात वाढले, पुढच्या महिन्यात घटले, भाड्याचा कागद वेळेवर पोहोचला नाही, कारकुनाने जुना आकडा तसाच ठेवला, की झाली चूक. रोजंदारीवरील माणसाचे उत्पन्न दरमहा सारखे नसते. ज्याचे जिणे अस्थिर, त्याचा हिशेबही अस्थिर.

चूक कमी झालीच पाहिजे. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख ठेवणे हाही नीतीचाच भाग आहे. यासाठी पूर्वीच्या कायद्यातही दंडाची तरतूद होती: लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय सरासरीहून अधिक चूक करणाऱ्या राज्याला भरपाई द्यावी लागे आणि तिचा काही भाग कारभार सुधारण्यावर खर्च करण्याची मुभा असे. त्या दंडाचा रोख सुधारणेकडे होता. नव्या कायद्यात एका हाताने अचूकपणाची मागणी केली आहे आणि दुसऱ्या हाताने अचूकपणा ज्यांच्या श्रमातून येतो त्या कर्मचाऱ्यांसाठीचा केंद्राचा निम्मा वाटा काढून घेतला आहे.

याहून चमत्कारिक अशी एक तरतूद त्यात आहे. ज्या राज्यांची चूक फार मोठी, म्हणजे १३.३४ टक्के वा त्याहून अधिक, त्यांना वाटा देण्यासाठी दोन वर्षांपर्यंत अधिक मुदत मिळू शकते. अलास्काची चूक २०२४ मध्ये २४.६६ टक्के होती. म्हणजे अकरा टक्के चुकणाऱ्याने लगेच भरावे, आणि चोवीस टक्के चुकणाऱ्याला सवड! ही तरतूद सिनेटमधील मतांच्या जुळणीतून जन्मली. जे माप मतांच्या गरजेने वाकते, ते नीतीचे माप म्हणून कसे स्वीकारावे?

खरी भीती पुढची आहे. टक्का वाढला तर कोट्यवधींचा भुर्दंड, हे कळले की कचेरीतील कारकुनाच्या मनात कोणता विचार प्रथम येईल? संशय आला की नाकारावे. एका कागदाऐवजी चार मागावेत. ज्याचे उत्पन्न बदलते त्याचा अर्ज पुन्हा पुन्हा परत करावा. चुकून जास्त दिले तर दंड आहे. पात्र माणूस कंटाळून अर्धा अर्ज टाकून निघून गेला तर त्या टक्केवारीत त्याची नोंद होत नाही. अशा रीतीने राज्याचा दंड शेवटी खिडकीसमोर उभ्या असलेल्या बाईच्या पदरी पडतो. राज्यांवर खर्च टाकल्यामुळे दरमहा सुमारे तीन लाख माणसांचे साहाय्य कमी वा बंद होईल, असा अंदाज काँग्रेसच्या त्याच अंदाजपत्रक कार्यालयाने व्यक्त केला होता. काही राज्ये योजनेतून अजिबात बाहेर पडण्याची शक्यताही त्याने विचारात घेतली होती.

प्रेषितांच्या कृत्यांतील एक प्रसंग येथे आठवतो. आरंभीच्या ख्रिस्तमंडळात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार उठली. वाटपातील चूकच ती. प्रेषितांनी वाटप बंद केले नाही, की विधवांना आपापल्या आप्तांकडे जा असेही सांगितले नाही. त्यांनी मंडळाकडून विश्वासू अशी सात माणसे निवडवून घेऊन त्या कामावर नेमली. चूक सुधारण्याचा मार्ग म्हणून त्यांनी वाटणारे हात वाढविले.

एक छोटीशी तालीम

या साऱ्याची तालीम २०२५ च्या अखेरीस झाली. अंदाजपत्रकावरून काँग्रेसमध्ये पेच पडला आणि १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प झाले. १ नोव्हेंबरला अन्नाच्या कार्डांवर पैसे जमा झाले नाहीत. प्रकरण न्यायालयांत गेले. त्या दिवसांत न्यू मेक्सिको, व्हर्जिनिया, व्हरमाँट यांसारख्या राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून काही काळ मदत दिली. इतर अनेक राज्यांतील लोकांना धर्मादाय अन्नकेंद्रांच्या दारात रांगा लावाव्या लागल्या. एकच देश, एकच राष्ट्रध्वज, एकच योजना. पण मुलाच्या ताटात काय पडावे हे त्याच्या राज्याच्या शिलकेवरून ठरले. १९६४ ते १९७४ मधील काउंटीची सीमा जणू पुन्हा आखली गेली.

अन्नकेंद्रे चालविणाऱ्यांत तेथील चर्चच्या संस्थाही आहेत. धर्मादायाने सरकारची जागा भरून निघत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असेल? अमेरिकी बिशप परिषदेने २०२५ च्या कायद्यातील अन्न व आरोग्य साहाय्याच्या कपातीविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली, ती याच अनुभवापोटी असावी. दयेला मर्यादा नाही हे खरे. पण दयेच्या कोठाराला मर्यादा असते.

'वरून आलं नाही'

येथवर वाचून कोणी म्हणेल, दूरच्या देशातील अंदाजपत्रकाशी आपले काय देणेघेणे? माझ्या लहानपणची एक आठवण सांगतो. महिनाअखेरीस आई मला पिशवी देऊन रेशनच्या दुकानात पाठवी. तासभर रांगेत उभे राहिल्यावर दुकानदार पाटीकडे बोट दाखवी आणि म्हणे, "वरून माल आलेला नाही." हा 'वर' कोठे आहे, हे मला कधीच कळले नाही. तालुक्याच्या कचेरीत विचारले तर तेही वरच पाहत. प्रत्येकाच्या वर कोणीतरी होते, आणि रांगेतील माणसाच्या वर मात्र आभाळच. जबाबदारी जेव्हा अनेकांत वाटली जाते, तेव्हा ती कोणाचीच उरत नाही, हा धडा मी त्या रांगेत शिकलो.

आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचा मुख्य भार केंद्रावर ठेवला आहे. राज्यांतर्गत वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन यांत राज्यांचा वाटा आहे. तो पाया शाबूत राहावा. पण खर्च सरकविण्याचा मोह आपल्या दारातही आला आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुरीचा सर्व खर्च केंद्राकडे होता; त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्याने बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी साठ-चाळीस अशी ठरविली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु अमेरिकेच्या अनुभवावरून एक प्रश्न विचारावयास आपण शिकले पाहिजे: दुष्काळाच्या वर्षी, राज्याची जमा आटलेली असता, हा चाळीसचा आकडा कोण भरणार?

वचन देणे आणि वचनाचा खर्च दुसऱ्यावर सोपविणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. अमेरिकेने तिच्या नागरिकाला दिलेले वचन साधे होते: तू कोणत्याही राज्यात राहा, तुझे दिवस फिरले तर तुझ्या मुलांना अन्न मिळेल. या वचनाचे रक्षण व्हावयाचे असेल, तर अन्नाचा भार संकटातही जो पेलू शकतो त्याच्याकडेच राहिला पाहिजे. राज्यांना जबाबदारी हवी असेल तर ती नीट वाटण्याची असावी, आणि त्यासाठी लागणारी माणसे व साधने त्यांना मिळावीत. चुकीबद्दल दंड असावा, पण तो सुधारणेच्या कामी लागावा. आणि वाटा घ्यावयाचाच झाला तर तो ऐपत पाहून घ्यावा, मंदीत तो माफ व्हावा. कायदा माणसांनी केला आहे; माणसांना तो बदलताही येतो.

वेल्शच्या त्या काउंटीत १९५० साली सुमारे ९९ हजार माणसे राहत होती. २०२० च्या जनगणनेत ती १९ हजारांच्या आसपास उरली. खाणी बंद होत गेल्या, तरुण माणसे निघून गेली. जी मागे राहिली त्यांच्यात म्हातारी माणसे आहेत, आजारी आहेत, नातवंडे सांभाळणाऱ्या आज्या आहेत. उद्या या माणसांच्या अन्नाचा वाटा त्यांच्याच राज्याने उचलावा असे म्हणणे, म्हणजे विहीर आटलेल्या गावाला तुमचे पाणी तुम्हीच शेंदा असे सांगण्यासारखे आहे. पासष्ट वर्षांपूर्वी ते पाणी दुरून आले होते. ज्यांनी ते पाठविले त्यांना वेल्श नकाशावर कोठे आहे हेही कदाचित ठाऊक नसेल. तरी त्या घरातील पंधरा माणसे त्या रात्री जेवली.